भिवातात्यांच्या बाळंतिणी

भिवातात्यांनी वरात अडवली तेव्हा मी बॅन्डच्या अगदी मागे चालत होतो, त्यामुळे झालेला प्रकार मला पहिल्या रांगेतून बघायला मिळाला.

जुन्नर तालुक्यात मढच्या अलीकडे, घाटाच्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या त्या गावात मी नुकताच बदलून आलो होतो. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे कागदावर मी डॉक्टर नव्हे, पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर अशी गावाची सरळ व्याख्या. ओळखीपाळखी व्हाव्यात म्हणून एका लग्नाला गेलो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि उन्हं कलायच्या सुमाराला वरात निघाली. पुढे बॅन्ड, मागे घोड्यावर नवरदेव, त्याच्यामागे नवरीची सजवलेली जीप. मारुतीच्या देवळावरून वळलो, तर रस्त्याच्या मधोमध एक साठीचा माणूस दोन्ही हात पसरून उभा. धोतर, पैरण, कानाला मफलर, आणि चेहऱ्यावर असा भाव की पुढे पूल खचला आहे.

"बंद करा! बंद करा आधी! घरात बाळंतीण अडलीया!"

बॅन्ड जागच्या जागी थांबला. सनईवाल्याचा सूर मध्येच गळ्यात अडकला. बायकांत कुजबुज झाली आणि तीन पोक्त बायका कुणी न सांगता पदर खोचून त्या घरात शिरल्या. कुणी म्हणालं, जीप मोकळी करा, जुन्नरला न्यावं लागेल. नवरी बिचारी शालूसकट खाली उतरलीसुद्धा.

एवढ्यात त्या तीन बायका बाहेर आल्या. सगळ्यांत थोरलीने पदर तोंडाला लावला होता. ती रडत नव्हती.

"गाय हाय," ती म्हणाली.

सगळी वरात तात्यांकडे बघायला लागली. दुसरा कुणी असता तर वरमला असता. तात्या उलट तिच्यावरच डाफरले, "मग? गाय काय अंडं घालती व्हय?"

नवरदेव घोड्यावरून उतरला. बॅन्डवाल्यांनी वाद्यं काखेत मारली. उशिरा आलेली पोरं वर्गाच्या खिडकीखालून जातात तशी ती अख्खी वरात तात्यांच्या घरावरून वाकून, पाय न वाजवता पुढे गेली. मला मात्र मनगटाला धरून तात्यांनी बाजूला ओढलं.

"तुमी नवे डाक्टर ना? हितंच ऱ्हावा. केस नाजूक हाय."

केस अजिबात नाजूक नव्हती. मी हात धुवेपर्यंत गाय स्वतःची स्वतः व्याली होती आणि वासराला चाटत होती. पण 'केस नाजूक हाय' हे वाक्य त्यानंतर सहा वर्षं माझ्या कानाला चिकटून राहिलं.

तात्यांच्या दावणीला अकरा गाई होत्या. नऊ जर्शी संकर आणि दोन डांगी. त्या सगळ्या दिवाळी ते शिमगा याच काळात विणार, अशी त्यांनी व्यवस्था लावलेली. आमच्याकडे पाऊस घाटावरून असा येतो की चार महिने गोठ्याची जमीन वाळत नाही. "असल्या चिखलात पोर धरंल का?" तात्या विचारत. त्यामुळे गाय माजावर आली तरी दिवस मोजून, पुढचा महिना बघून मगच ते तिला रेतनासाठी दवाखान्यात आणत. नऊ महिने नऊ दिवस बोटांवर मोजायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गेरूने टिळा लावायचा. त्या कॅलेंडरवर सण कुठला आणि एकादशी कुठली हे गेरूखाली दिसायचंच नाही.

टिळा जवळ आला की घराचा कायदा बदलायचा. रस्त्याच्या कडेला पत्र्याची पाटी लागायची: 'पुढे बाळंतीण आहे. हॉर्न वाजवू नये.' मुक्कामी येणाऱ्या एसटीचे ड्रायव्हर नवे असले की तिथे गाडी अगदी हळू घ्यायचे, आणि माहीतगार झाले की हसत हसत हळू घ्यायचे. पण घ्यायचे. गोठ्यात चपला घालून यायचं नाही. भांडून आलेल्या माणसाने यायचं नाही. खाटकाचं, बाजाराचं नाव काढायचं नाही. "हळू बोला राव, ती ऐकती," हे दुसरं वाक्य. रेडिओवर गाणी चालायची, पण बातम्या सुरू झाल्या की तात्या खटका बंद करायचे. बातम्यांनी दूध आटतं असं त्यांचं मत होतं. टीव्हीवरच्या हिंदी मालिकांतली रडारड तर त्यांना मुळीच चालायची नाही. त्या मालिकांतून त्यांनी एवढंच उचललं होतं, की मला बघितलं की खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "टेन्शन नाय लेने का, डाक्टर." आणि लगेच, "पण केस नाजूक हाय."

मला चिठ्ठ्या यायच्या. डेअरीच्या दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर त्या रोज सकाळी माझ्या टेबलावर टाकायचा. अक्षर शाळा सोडून पन्नास वर्षं झालेल्या माणसाचं, पण मजकूर तारेसारखा. 'गवळण. कास भरली. शेपटाशेजारी खळगा दोन बोटं.' दुसऱ्या दिवशी, 'गवळण. खळगा तीन बोटं. खाणं कमी. डाक्टरांनी गाव सोडू नये.' तिसऱ्या दिवशी, 'गवळण व्याली. कालवड. डाक्टरांनी आता आंघोळ करून झोपावं.'

गंमत अशी, की तात्यांची बोटं सहसा चुकायची नाहीत. विण्याआधी शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडचे स्नायू सैल पडतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. तात्यांनी ते बोटांनी वाचलं होतं. मी चार दिवस म्हणावं आणि त्यांनी "परवा" म्हणावं, की गाय परवाच विणार. मी मुकाट्याने माझ्या वहीत त्यांची तारीख लिहायला लागलो.

माझं लग्न घोडेगावकडच्या मुलीशी ठरलं, मार्गशीर्षातली तारीख निघाली. पत्रिका द्यायला मी तात्यांकडे गेलो. त्यांनी ती उभी-आडवी वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेली, आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं.

"त्या हप्त्यात तीन हायेत," ते म्हणाले. "चांदणी, बानू, आन् थोरली डांगी."

"तात्या, मुहूर्त आहे तो."

"आमचा बी मुहूर्तच हाय. तुमचा भटजीला इच्यारून फिरतो. ह्यांचा कुनाला इच्यारून फिरवू?"

मी हसून विषय सोडला. तात्यांनी सोडला नाही. दोन एसट्या बदलून ते परस्पर माझ्या सासऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, काखेत कॅलेंडरची गुंडाळी. "तुमच्या जावयाबद्दल थोडं नाजूक बोलायचं हाय," अशी त्यांनी सुरुवात केली. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मुलीला आत पाठवलं, दार लोटलं आणि विचारलं, "मुलात काही दोष आहे का?"

"दोष? छ्या. सोन्यासारखा पोरगा. पण त्या हप्त्यात त्याला गाव सोडता यायचं नाय."

मग कॅलेंडर जमिनीवर पसरून तासभर चर्चा झाली. माझी होणारी बायको वसुधा दाराच्या फटीतून सगळं ऐकत होती. शेवटी सासऱ्यांनी तारीख चक्क माघात ढकलली. वसुधाला ते म्हणाले, "त्या माणसाला तीन गाईंची जेवढी काळजी आहे, तेवढी या पोराला तुझी वाटली तरी पुष्कळ झालं."

लग्नाला तात्या आले नाहीत. त्या दिवशीही कोणीतरी विणार होतीच. त्यांनी डेअरीच्या गाडीतून किटली भरून चीक पाठवला. माझ्या लग्नात वऱ्हाडाला जिलबीच्या जोडीला खरवस होता.

आता तात्यांच्या सगळ्यांत मोठ्या खुळाबद्दल सांगतो, ज्याला गाव हसायचं. ते वासरांची बारशी करायचे. बाराव्या दिवशी, रीतसर. ओसरीवर पाळणा टांगायचा, त्याला झेंडूची माळ. पहिल्या वर्षी म्हणे त्यांनी खरंच वासरू पाळण्यात घातलं होतं. वासरू, पाळणा आणि छताचा आकडा असे तिघेही खाली आले. तेव्हापासून वासरू खाली, काकूंच्या मांडीला टेकून उभं करायचं, आणि पाळण्यात त्याच्या गळ्यात बांधायची घुंगरांची नवी माळ ठेवायची. गावातल्या बायकांना बोलावणं जायचं. त्या हसत हसत यायच्या, घुगऱ्या ओटीत घ्यायच्या, आणि जाताना फाटकाबाहेर पोट धरून हसायच्या. तात्यांना त्याचं काही नसे. ते गोठ्याच्या दाराशी उभे राहून हुकूम सोडायचे, "पाळण्याची दोरी हिच्याच हातात द्या. नाव बी हीच ठिवणार."

'ही' म्हणजे अनसाकाकू. तात्यांची बायको. किडकिडीत, उंच, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. दिवसभर तात्या बोलत आणि काकू काम करत. आंबोण भिजवणं, धारा काढणं, व्यालेल्या गाईसाठी गूळ घातलेला बाजरीचा घाटा शिजवणं, हे सगळं काकू. बारशाच्या दिवशी मात्र त्या नवं लुगडं नेसून पाटावर बसत आणि वासराच्या कानात नाव सांगत.

लग्नानंतर पहिल्याच पौषात सकाळी नऊच्या सुमाराला डेअरीचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन धावत आला. चिठ्ठीत एकच ओळ होती. 'मोगरी. पाणमोट फुटून दोन तास. यावं.' केस नाजूक असल्याचा उल्लेख नव्हता. म्हणून मी घाबरलो.

आपलं लग्न पुढे ढकलणारा माणूस वसुधाला कधीचा बघायचा होता. ती मोटरसायकलवर मागे बसली.

मोगरी पहिलारू होती. गोठ्यात आडवी पडून कळा देत होती, डोळे पांढरे झालेले. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर दिसत होते, पण त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसायला हवं ते दिसत नव्हतं. मी बाह्या वर केल्या, हात साबणाने धुतला, आत घातला. वासराची मान मागे मुडपून बरगडीला चिकटली होती. अशा वासराला नुसतं ओढलं तर वासरूही जातं आणि गायही.

"तात्या," मी मान न वळवता म्हणालो, "शेपूट धरा. आणि डोकं दाबून ठेवायला कुणीतरी—"

मागे बघितलं तर तात्या नव्हतेच. गेल्या चार हंगामांत ज्या माणसाने मला बोटांची मापं कळवली, ज्याने वराती अडवल्या, तो ऐन वेळेला गायब.

"तो नाय थांबायचा," काकू म्हणाल्या. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या होत्या. "कधीच थांबत नाय. मला सांगा, काय करू?"

मी बराच वेळ झटत होतो. कळ आली की माझा हात गाईच्या हाडात असा आवळला जायचा की बोटं बधिर व्हायची. वासराच्या कानापर्यंत पोचायचो, पुढे नाही. माझा दंड जाड, जागा अरुंद. जुन्नरहून मोठ्या डॉक्टरांना आणायचं तर दीड तास लागणार. मोगरी तेवढी टिकली नसती.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आपला हात पुढे केला. पातळ, लांब बोटांचा.

"माझा जाईल का?"

मी बाजूला झालो. वसुधा मोगरीच्या डोक्याशी बसली. तिने उभ्या जन्मात गाईला हात लावला नव्हता, पण त्या दिवशी तिने मोगरीचं तोंड मांडीवर घेतलं आणि तिच्याशी काहीबाही बोलत राहिली. मी सांगत गेलो, काकू करत गेल्या. कळ आली की थांबायचं. कळ गेली की वासराची छाती आत रेटायची. कान सापडला? त्याच्यापुढे डोळ्याची खोबण. तिथून खाली जबडा.

"गावलं," काकू पुटपुटल्या. "नाक गावलं. डाक्टर, जिभेनं बोट चाटतंय वो!"

म्हणजे जिवंत होतं. "नाक तळव्यात धरा. दात लागू देऊ नका. आता हळूहळू स्वतःकडे वळवा." काकूंचं कपाळ घामाने भिजलं, ओठ पांढरे पडले. मी दोन्ही पायांना दोऱ्या बांधून तयार होतो. एकदम काकूंचा खांदा सैल झाला आणि मान सरळ झाल्याचं मला त्यांच्या तोंडावरच दिसलं. पुढच्या कळेला ओढलं. मग आणखी एकदा. वासरू पेंढ्यावर घसरून आलं आणि तसंच पडून राहिलं.

मी नाकातोंडातला चिकटा काढला. पेंढ्याची काडी नाकपुडीत फिरवली. काकू आणि वसुधा दोघी पोत्याने त्याची पाठ घासायला लागल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ते शिंकलं. एकदा, दोनदा. आणि मोगरीने पडल्या पडल्या मान वळवून एवढा मोठा हंबरडा फोडला की वसुधा रडायलाच लागली.

मी तात्यांना शोधायला बाहेर पडलो. गोठ्यामागे भाताच्या पेंढ्याची उडवी होती. तिच्यापलीकडे तात्या डोंगराकडे तोंड करून उकिडवे बसले होते. दोन्ही कानांत बोटं. मी खांद्याला हात लावला तसे दचकले. माझ्या रक्ताने माखलेल्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

"कालवड का गोऱ्हा, ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. आवाज तात्यांचा वाटतच नव्हता. "दोघं हायेत का?"

"दोघं आहेत तात्या. छान आहेत."

त्यांनी मफलरने तोंड पुसलं. मग उठले, धोतर झटकलं, तरातरा गोठ्यात गेले आणि दारातूनच ओरडले, "आरं, घाटा कुठाय? गरम पाणी? हिला काय उपाशी ठिवता का? आन् ह्या बाई का रडत्यात? बाळंतिणीपुढं रडू नये!"

नंतर न्हाणीपाशी मी हात धुवत होतो. वसुधा काकूंच्या हातावर पाणी घालत होती. तिने सहज विचारलं, "काकू, तात्या नेहमीच असे पळतात?"

काकू हसल्या. "तीस वर्सांत एक बी वेत बघितलं नाय त्यानं. आधीचं समदं करतो, नंतरचं समदं करतो. मधलं नाय बघवत." मग बांगड्या खाली ओढत, भाजीचा भाव सांगावा तशा सुरात म्हणाल्या, "आमचं बी एक झालं व्हतं. भर आखाडात. वढ्याला पाणी, गाडी जाईना. दोन दिस मी आत, हा दाराबाहेर. ते ऱ्हायलं नाय. मला बी मग परत काय झालं नाय."

वसुधाच्या हातातला तांब्या थांबला.

"त्याचं काय नाय एवढं," काकू म्हणाल्या. "पण मग बाया बारशाला बोलवायच्या न्हाईत. बोलावलंच तर पाळण्याला हात नगं म्हनायच्या, तू तिकडं बस. एकदा तशीच घरी आले, बसले रडत. हा काय बोलला नाय. चार दिसांनी डांगी व्याली. बाराव्या दिशी ह्यानं जुन्नरच्या बाजारातनं पाळणा आणला आन् म्हनला, ऊठ, लुगडं नेस. तवापासनं चाललंय. लोकं हसत्यात. हसू द्या. पाळण्याची दोरी हाय माझ्या हातात."



पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. बाळंतपण घोडेगावला झालं, पण वसुधाने हट्ट धरला की बारसं आपल्या खोलीवर, या गावातच करायचं. माझी आई आली, सासूबाई आल्या. बारशाच्या सकाळी वसुधाने मला तात्यांकडे पाठवलं.

कॅलेंडरवर दुसऱ्या दिवसाला टिळा होता. तात्या म्हणाले, "मला यायचं नाय जमणार डाक्टर. थोरली डांगी हाय. आन् हिचं तिथं काय काम? आमच्याकडनं कुंची-टोपरं तेवढं घिऊन जावा." काकू आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं.

"तात्या," मी म्हणालो, "नाव काकूंनी ठेवायचंय. वसुधा म्हणते, त्यांच्याशिवाय बाळ पाळण्यात घालणार नाही. माझ्या आईला तसं सांगितलंय तिने."

तात्यांनी एकदा काकूंकडे बघितलं. मग ते वळले, शेजारच्या घरात गेले, आणि डांगीकडे लक्ष ठेवायला तिथल्या माणसाला बसवून आले. ऐन हंगामात तात्यांनी गोठा दुसऱ्याच्या हवाली केल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

खोलीत बायकांची गर्दी झाली होती. काकू दारात घुटमळल्या. वसुधा बाळंतीण असूनही उठली, तिने हात धरून त्यांना पाळण्यापाशी नेलं आणि बाळ त्यांच्या ओंजळीत दिलं. दोनचार बायकांनी एकमेकींकडे बघितलं. माझ्या आईनेही बघितलं, आणि मग तिनेच पुढे होऊन काकूंसाठी पाट सरकवला. काकूंनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं. काय नाव सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. पाळणा हलला आणि काकू गायला लागल्या. आवाज आधी कापरा होता, मग मोकळा झाला.

तात्या कुठे दिसेनात म्हणून मी बाहेर आलो. ते पायरीवर, बायकांच्या चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"तात्या, आत चला ना. काकू म्हणताहेत पाळणा."

त्यांनी मान हलवली. डोळे दाराकडे नव्हते, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे होते.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हितनं चांगलं ऐकू येतंय."